गांधी उठल्या तर घड्याळ बघा

आजची गोष्ट माझ्याच जिवावर बेतलेली आहे.

नागपुरात अंबाझरी तलावाकाठी सकाळी फिरताना मानेला गांधीलमाशी चावली. दहा मिनिटांत अंगभर गांधी. घरी फोन केला, तर आत्या म्हणाली, "पित्त उठलं असेल रे, आमसुलाचं पाणी लाव." पण तोवर घसा आवळत होता. मित्र म्हणाला, "बस बे मागे!" आणि गाडी थेट दवाखान्यात. मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन मिळालं, म्हणून आज बोलतोय.

तासाभराने रक्त घेतलं. मी विचारलं, आता बरं वाटतंय, मग कशाला? डॉक्टर म्हणाल्या, "उशीर केला तर पुरावा जाईल."

पुरावा कसला? आपल्या त्वचेत, श्वासमार्गात मास्ट पेशी असतात, दाण्यांनी गच्च भरलेल्या. ॲलर्जी भडकली की त्या दाणे बाहेर फेकतात. त्यातलं हिस्टामिन रक्तातून काही मिनिटांत नाहीसं होतं. ट्रिप्टेज मात्र काही तास सापडतं.

रक्तातल्या हजारो प्रथिनांतून ते हुडकायचं कसं? इथे मोनोक्लोनल अँटिबॉडी कामी येतात: एकाच पेशीच्या वंशातून बनलेल्या, सगळ्या एकसारख्या, एकच खूण ओळखणाऱ्या. त्या बनवायची रीत कोलर आणि मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये केंब्रिजला शोधली. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. चाचणीत एक अँटिबॉडी ट्रिप्टेजला धरून ठेवते. दुसरी त्याच्या वेगळ्या भागावर बसते आणि तिला जोडलेल्या एन्झाइममुळे चमक येते. जितकी चमक, तितकं ट्रिप्टेज.

पण एका आकड्यावर भागत नाही. त्रास थांबल्यावर किमान २४ तासांनी पुन्हा रक्त देतात, म्हणजे तुमचा नेहमीचा आकडा कळतो. त्याची १.२ पट करायची, वर २ मिळवायचे. नेहमीचा ५ असेल, तर त्रासाच्या वेळी ८ किंवा जास्त आला की मास्ट पेशी भडकल्याचा भक्कम पुरावा. आकडा वाढला नाही म्हणून ॲलर्जी नव्हती, असंही नाही. खाण्याच्या ॲलर्जीत तो बरेचदा वाढतच नाही.

आत्याला मी एवढंच सांगितलं, आमसूल सोलकढीत छान. गांधींसोबत धाप, घशात आवळ किंवा चक्कर असेल, तर आधी दवाखाना. आणि तिथे सांगा, त्रास किती वाजता सुरू झाला.

काळजी घ्या, भेटूच!