खरेदीपूर्वीची एक रात्र



काटकसर हा विषय व्याख्यानाला घेणे म्हणजे श्रोत्यांची नाराजी ओढवून घेणेच होय. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला तो ऐकावासा वाटत नाही; ज्याच्याजवळ नाही त्याला तो ऐकवणे निर्दयपणाचे होते. म्हणून आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. शेतकऱ्याच्या कर्जाचे खापर त्याच्या उधळेपणावर फोडण्याची रीत जुनी आहे, आणि ती चुकीची असल्याचा निर्वाळाही तितकाच जुना आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्धचे दंगे पसरले, तेव्हा सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. लग्नकार्याच्या खर्चाने रयत बुडाली, असे पुष्कळ अधिकाऱ्यांचे मत होते. आयोगाने मात्र नमूद केले की, या कारणाला वाजवीपेक्षा फाजील महत्त्व दिले गेले आहे. असे प्रसंग माणसाच्या आयुष्यात येतात तरी किती? तेव्हा कापसाला भाव न मिळाल्याने किंवा दुबार पेरणीने जे कर्ज होते, त्यावर हिशेबाची वही हा उपाय नव्हे. त्या प्रश्नाची उत्तरे बाजार समितीत, बँकेत आणि विधानसभेत मागायची आहेत.

माझा विषय त्याहून लहान आहे, पण आपल्या हातातला आहे. तो म्हणजे, न ठरवता झालेला खर्च.

आपल्या भागात पुष्कळ घरांत पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. तो कापसाबरोबर येतो. वेचणी होते, गाडी बाजारात जाते, चुकारे हाती पडतात, आणि तीच रक्कम पुढच्या मृगापर्यंत पुरवायची असते. हिवाळ्यात ती मोठी दिसते. वास्तविक तिच्यात जूनचे बियाणे असते, जुलैचे खत असते, मुलांची फी असते, आणि कोणाचे तरी आजारपणही असते; परंतु नोटेवर तसे लिहिलेले नसते! म्हणून फेब्रुवारीत विचार न करता गेलेला रुपया जूनमध्ये व्याज देऊन परत आणावा लागतो. दुकानदाराची आणि नोकरदाराची गोष्ट निराळी नाही. त्यांचा जून फक्त दुसऱ्या महिन्यात येतो.

आता, माणूस न ठरवता खर्च का करतो? लोभामुळे, असे आपण चटकन म्हणतो. मला ते पटत नाही. लोभ आजोबांच्या काळीही होता. पण त्या काळी इच्छा आणि खरेदी यांच्यामध्ये काही थांबे होते. आठवडी बाजाराची वाट पाहावी लागे. तिथवर चालत जावे लागे. चार दुकाने फिरावी लागत. भाव करावा लागे. आणि शेवटी कनवटीचे पैसे मोजून द्यावे लागत. मोजताना हात आखडत असे. हे थांबे आपल्यावतीने विचार करीत होते. आज विक्रेत्याने ते एकेक करून काढून टाकले आहेत.

२०१६ साली यूपीआय आली. तिची निंदा मी करणार नाही. भाजीवालीची सुट्ट्या पैशांची कटकट तिने मिटवली. पण मोजून देण्याचा थांबाही तिने मिटवला. अमेरिकेतील प्रेलेक व सिमेस्टर या दोन अभ्यासकांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी विद्यार्थ्यांकडून बोली घेतली. काहींना रोख द्यायचे होते, काहींना कार्डाने. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीच्या घरात गेली. तिकीट तेच, सामना तोच. फरक एवढाच, की पैसा हातातून जाताना दिसत नव्हता.

दुसरा थांबा होता तो सवडीचा. ‘दोनच नग शिल्लक’, ‘सवलत संपायला दहा मिनिटे’, अशा पाट्या फोनवर झळकतात आणि माणूस घाबरून विकत घेतो. ही केवळ तक्रार नाही. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसवणाऱ्या अशा तेरा युक्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. खोटी घाई लावणे आणि न मागितलेली वस्तू बिलात सरकवणे या दोन्ही त्या यादीत आहेत.

तिसरा थांबा होता तो ऐपतीचा. तो ‘बिनव्याजी हप्त्या’ने काढला. एक हिशेब करू. फोन १८,००० रुपयांचा, दरमहा १,५०० प्रमाणे बारा हप्ते, व्याज शून्य. पण रोख देणाऱ्याला तोच फोन १६,५०० ला मिळत असेल, तर वरचे १,५०० रुपये कोणाचे? ते व्याजच आहे. आणि दरमहा मुद्दल फिटत जाते हे ध्यानात घेतले, तर त्याचा वार्षिक दर सोळा टक्क्यांच्या आसपास पडतो. वेळेवर फेडलेल्या पीककर्जाला केंद्राच्या सवलतीने चार टक्के पडतात, त्याबद्दल आपण कुरकुरतो. आणि इकडे सोळा टक्के हसत भरतो, कारण त्याचे नाव शून्य आहे. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही.

मग करावे काय? काढून टाकलेले थांबे आपण पुन्हा बसवावेत. चुकारे आले की त्याच दिवशी, बाजारात पाऊल टाकण्यापूर्वी, बियाणे-खत, शिक्षण, आजारपण आणि घरखर्च असे वाटे करावेत. पेरणीचे पैसे फोनला न जोडलेल्या खात्यात ठेवावेत. ठरावीक रकमेवरची कोणतीही वस्तू मनात भरली की तिचे नाव, किंमत आणि तारीख वहीत लिहावी, आणि मध्ये निदान एक रात्र जाऊ द्यावी. मोठ्या वस्तूसाठी एक बाजार जाऊ द्यावा. पुष्कळ वस्तू त्या वहीतच जुन्या होतात. ज्या होत नाहीत, त्या आनंदाने घ्याव्यात. हौसेचाही एक वाटा असावा, आणि तो घरातल्या प्रत्येकाला असावा. ज्या घरात हौसेला जागा नाही, तिथे ती चोरवाटेने शिरते.

आणि नियम सर्वांना एक असावा. बाईने पंचवीस रुपयांच्या भाजीचा हिशेब द्यायचा आणि पुरुषाने पंचवीस हजारांचा फोन न विचारता आणायचा, ही काटकसर नव्हे. या बाबतीत आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम उभे करणारे जे. सी. कुमारप्पा हे मूळचे हिशेबतपासनीस. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. कार्यकर्त्याच्या जेवणाला दिवसाला तीन आणे, असे त्यांनी ठरवले. पुढे गांधीजी आपल्या मंडळींसह तेथे आले, तेव्हा त्यांचा खर्च निधीतून देता येणार नाही, असे कुमारप्पांनी सांगितले. सर्वांत मोठ्या माणसालाही लागू होतो तोच खरा हिशेब.

शेवटी, वाचवायचे ते कशासाठी? वर्धा नदीच्या पलीकडे, अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा गावोगाव कीर्तनांत सांगत की, कर्ज काढून सण करू नका; ताटावाचून जेवा, साधे नेसा, पण पोरांना शिकवा. बाबांनी नुसते ‘वाचवा’ म्हटले नाही; वाचलेला पैसा कुठे जायचा ते आधी सांगितले. काटकसरीला तोंड असावे लागते, नाहीतर ती कंजुषी होते. तेव्हा आज घरी गेल्यावर वहीच्या पहिल्या पानावर वस्तूचे नाव लिहू नका. ज्याच्यासाठी वाचवायचे त्या लेकराचे, त्या विहिरीचे, त्या उपचाराचे नाव लिहा. दुकानात हात पुढे जाईल तेव्हा तो थांबवायला माझे व्याख्यान येणार नाही; ते नाव येईल.