भातखाचरातील वायू आणि तरुण कृषीवल



लावणीनंतर महिनाभराने भाताच्या खाचरात पाऊल टाकले की चिखलातून बुडबुडे वर येतात. पिढ्यान्‌पिढ्या ते शेतकऱ्याच्या नजरेस पडत आले. त्यांचा विचार मात्र क्वचितच झाला. इटलीतील आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७६ साली मॅजोरे सरोवराच्या गाळातून असाच वायू गोळा केला व तो पेट घेतो असे त्यांना आढळून आले. तोच मिथेन होय. पाण्याखाली दडपलेल्या मातीतील प्राणवायू संपला, की त्यावाचून जगणारे सूक्ष्म जंतू कुजत्या काडीकचऱ्यापासून हा वायू निर्माण करितात. भाताचे रोपही त्याला वाट करून देते. बहुतांश वायू त्याच्या पोकळ देठांतूनच हवेत जातो.

हा वायू वातावरणात सुमारे १२ वर्षे टिकतो. परंतु शंभर वर्षांच्या हिशेबानेही तो समान वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७ पट अधिक उष्णता कोंडून धरितो. त्याचे आयुष्य अल्प असल्यामुळे आज तो कमी केला, तर आज नांगराला हात घालणाऱ्या तरुणाला आपल्या हयातीतच त्याचा गुण दिसू शकेल.

उपाय साधा आहे. भाताला पाणी हवे असते. सदैव तुंबलेले पाणी हवेच असते असे नाही. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने पाणी आळीपाळीने भरण्याची व ओसरू देण्याची रीत प्रचारात आणली. भोके पाडलेली सुमारे हातभर नळी खाचरात रोवावयाची, आतील माती काढून टाकावयाची आणि पाण्याची पातळी नळीत पाहावयाची. जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत पाणी उतरले की पुन्हा भरावे. लावणीनंतरचे पहिले दोन आठवडे आणि फुलोऱ्याच्या आधीचा व नंतरचा एकेक आठवडा मात्र पाणी हटवू नये. तेथे चूक झाली तर दाणा पोचट राहतो. हंगामात एकदा खाचर सुकविले तर मिथेन सुमारे तीन दशांशाने घटतो, अनेकदा सुकविले तर जवळजवळ निम्म्याने, असा आंतरराष्ट्रीय हवामान-मंडळाच्या २०१९ सालच्या सुधारित मार्गदर्शिकेचा हिशेब आहे.

घरातील वडीलधारी माणसे यावर शंका घेतील, आणि ती शंका अनाठायी नाही. गोव्यात किंवा खानापुरात सरदाच्या भातावर आषाढधारा कोसळत असता पाणी ओसरू देणार कसे? ही रीत तेथे फारशी चालत नाही. ती वायंगणासाठी, जेथे पाणी पाटाने वा विहिरीने मोजून येते. खाजन जमिनीत तर अधिकच जपले पाहिजे, कारण माती वाळली की मीठ वर चढते. शिवाय एका खाचराचे पाणी दुसऱ्यात उतरते. वरच्याने पाट बंद केला तर खालच्याचे पीक करपावयाचे. तेव्हा हा निर्णय एकट्याचा नाही. गोव्यातील गांवकारीने बांध आणि मानस एकोप्याने सांभाळिले. पाण्याची पाळी ठरविण्यासही तोच एकोपा लागेल, आणि गावच्या बैठकीत ही गोष्ट काढण्याचे काम तरुणांनीच अंगावर घेतले पाहिजे.

पेंढ्याविषयी एक सूचना महत्त्वाची आहे. ताजा पेंढा गाडून लगेच पाणी भरले तर त्या जंतूंना जणू मेजवानीच मिळते. तोच पेंढा महिनाभर आधी गाडला, किंवा कंपोस्ट करून घातला, तर त्याच्यापासून होणारी वायूची भर पुष्कळच कमी होते. जमिनीला कस मिळावयाचा तो मिळतोच.

युरियाचे प्रकरण निराळे. पिकाला न लागलेल्या नत्राचा काही अंश नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. त्याचा ताप कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट. खाचर आळीपाळीने सुकविताना हा धोका थोडा वाढतो, म्हणून खत माती तपासून व हप्त्याहप्त्याने द्यावे. २०१५ पासून देशात बनणारा सर्व युरिया निंबलेपित असतो, त्याचा थोडा लाभ होतो. पण मूठ सैल ती सैलच.

बेळगाव भागातील ऊसकऱ्यांपुढे पाचटाचा प्रश्न आहे. तोडणी झाली की काडी लावणे सोपे, मजुरी वाचते. परंतु एका हेक्टरातील ८ ते १० टन पाचट जळाले, की त्यातील बहुतेक नत्र धुराबरोबर जाते आणि त्या धुरात मिथेन व नायट्रस ऑक्साइड हेही असतात. सरीत दाबून ठेविलेले पाचट ओल धरते, तण दाबते आणि वर्षभरात मातीत मुरते. मजूर मिळत नाहीत ही अडचण खरी आहे; चार शेजाऱ्यांनी मिळून पाचट बारीक करणारे यंत्र घेतले तर ती बरीच सुटते.

शेणाचा वायू ही तर या प्रदेशाला परकी गोष्ट नव्हे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ साली मैल्यापासून वायू काढून दिवे लावण्यात आले होते, आणि १९५१ साली जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे संयंत्र सिद्ध केले. चार-पाच जनावरांच्या रोजच्या सुमारे ५० किलो शेणावर दोन घनमीटर वायू मिळतो. त्यावर एका कुटुंबाचा स्वयंपाक होतो आणि उरलेली मळी शेताला मिळते. मात्र हा वायू म्हणजे निम्म्याहून अधिक मिथेनच. तो जळाला तर उपकार, गळाला तर अपकार. टाकी, नळ्या आणि शेगडीची तोटी यांना साबणाचे पाणी लावून दर महिन्याला गळती तपासावी, आणि मळीच्या खड्ड्यावर झाकण घालावे.