दऱ्या, दर्या आणि 'टेक'

लातूरकडच्या एखाद्या विद्यार्थ्याने बालाघाटच्या डोंगरांवर मराठीत प्रबंध लिहिला, असे समजा. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात तो सादर करायचा. छापून हाती आला तेव्हा 'दऱ्या'च्या जागी 'दर्या' झालेला. म्हणजे लातूर जिल्ह्यात समुद्र अवतरला! हसू येते खरे, पण प्रबंध तपासणाऱ्याला नाही येत. हा 'ऱ्य' मराठीचा खास. हिंदीचे त्यावाचून अडत नाही, म्हणून बाहेरच्या सॉफ्टवेअरात तो कित्येकदा राहून जाई.

अशा वेळी 'टेक' आठवते. अमेरिकेतल्या डोनाल्ड नूथ यांनी स्वतःच्या पुस्तकाची भिकार मुद्रिते पाहून 1978 मध्ये अक्षरजुळणीचा हा प्रोग्राम तयार केला आणि त्याचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, सर्वांना खुला ठेवला. हॉलंडच्या फ्रान्स वेल्टहाउस यांनी पुढे त्याला देवनागरी शिकवली. 2004 मध्ये जोनाथन क्यू यांचे 'झीटेक' आले आणि युनिकोडमधले मराठी थेट जुळू लागले.

तयार संच फुकट मिळतो. बहुतेकांनी तोच घ्यावा, उगीच हौस करू नये. पण संगणक जुना असेल किंवा दोष आपणच दुरुस्त करायचा असेल, तर मूळ मजकुरापासून बांधणी करावी लागते. नूथ यांचा मजकूर पास्कलच्या वळणाचा. आधी त्याचे सी भाषेत रूपांतर होते, मग कंपायलर त्याचा चालता प्रोग्राम करतो. 'कॉन्फिगर' ही आज्ञा घरात काय सामान आहे ते पाहते, 'मेक' बांधकाम करते आणि 'मेक इन्स्टॉल' सगळे जागेवर नेऊन ठेवते. कॉलेजच्या संगणकावर मुख्य अधिकार नसले तरी बिघडत नाही. 'कॉन्फिगर'ला 'प्रीफिक्स' म्हणून आपल्याच खात्यातला फोल्डर सांगावा.

मधेच वीज गेली तर? आपल्याकडे हा प्रश्न आधी विचारावा! 'मेक' फायलींच्या वेळा पाहते आणि झालेले काम पुन्हा करीत नाही. मात्र वीज जाताना अर्धवट लिहिली गेलेली फाईल आधी पुसावी, नाहीतर 'मेक' तिला पूर्ण समजून पुढे जाते.

एवढे झाले तरी हाती येतात ते फक्त प्रोग्राम. फाँट आणि मांडणीच्या फायली वेगळ्या आणाव्या लागतात. इथेच पुष्कळजण कंटाळून सोडून देतात. देवनागरीसाठी आयआयटी मुंबईचा 'शोभिका' हा मुक्त फाँट आहे. तो बसवला की पहिल्या पानावर 'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' आणि त्यांच्याशेजारी 'दर्या', 'सूर्य' एवढेच शब्द जुळवून छापावेत. ते नीट उमटले, तर प्रबंधाला हात घालायला हरकत नाही.