रिकामा बाक



सातवीत दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या शेजारचा बाक रिकामा झाला. "ऊसतोडीला गेला," असं कुणीतरी म्हणालं आणि हजेरी पुढे सरकली. त्याच्या आईवडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली होती. ती फिटली नाही की पुढच्या हंगामातही त्याच मुकादमाकडे जावं लागतं, हे मला फार उशिरा कळलं. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ सालचा आहे. पण कर्जाने बांधलेली माणसं आजही आहेत.

मी ख्रिस्ती घरातला. नासरेथच्या सभास्थानात प्रभू येशूने बंदिवानांच्या सुटकेची घोषणा केली, हे मी रविवारी कितीदा तरी ऐकलं. तो बाक मात्र मला कधी आठवला नाही.

१८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. निराधार मुलींना फसवून नेणारे लोक तिथे टपलेले होते. बाईंनी शेकडो मुलींना आणून केडगावला आसरा दिला, वाचायला शिकवलं, छपाई-विणकामासारखी कामं शिकवली. सुटलेल्या माणसाला उद्याची भाकरही लागते, हे त्या जाणून होत्या.

म्हणून एक विनंती. दिवाळीनंतर आपापल्या गावच्या शाळेत जा, गुरुजींना हजेरी विचारा. जे मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहून शिकू शकेल, त्याच्या वह्या-कपड्यांचा खर्च आपली तुकडी करील.

आणि माझ्या त्या मित्राचा पत्ता कुणाकडे असेल, तर जाण्यापूर्वी मला द्या.