जवळ राहण्याचं व्रत

उद्या एकादशी. आज रात्री घरोघरी साबुदाणा भिजत पडेल, दाणे भाजल्याचा वास सुटेल. ही तयारी पाहिली की माझी आजी म्हणायची, "एकादशी अन् दुप्पट खाशी!" मग आम्हा पोरांना समजावून सांगायची: उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणं. उपवास म्हणजे देवाच्या जवळ राहायचं. पोट रिकामं ठेवायचं ते तेवढ्यासाठी.

पण ज्यांना जवळच येऊ द्यायचं नाही असं ठरलेलं होतं, त्यांचं काय?

पंढरपूरला महाद्वारात नामदेवाची पायरी आहे. तिच्या समोर, देवळाच्या बाहेर, अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांची समाधी. विठोबाची ख्याती अशी की तो नुसता लांबून पाहायचा देव नाही. गाभाऱ्यात जाऊन त्याच्या पायांवर डोकं टेकवता येतं. कपाळाला त्या दगडाचा गारवा लागतो. वारकऱ्याला तेवढाच क्षण हवा असतो. चोखोबांच्या जातभाईंना तो क्षण शतकानुशतकं मिळाला नाही. ते शेकडो मैल चालत यायचे आणि पायरीपाशी थांबायचे.

हे शल्य मनाला लावून घेतलं साने गुरुजींनी. 1946 च्या अखेरीस त्यांनी ठरवलं की हे दार हरिजनांना उघडेपर्यंत प्राणांतिक उपोषण करायचं. स्वातंत्र्यसैनिक सेनापती बापटांनी त्यांना थोपवलं. म्हणाले, आधी लोकांकडे जाऊ. गुरुजी महाराष्ट्रभर हिंडले. राष्ट्र सेवा दलाचं कलापथक बरोबर होतं. कित्येक गावांनी आपल्या विहिरी आणि देवळं खुली केली. पंढरपूर मात्र बधेना.

विरोध कोणाचा होता? नास्तिकांचा नव्हे. बडव्यांचा, म्हणजे देवळाच्या पिढीजात पुजाऱ्यांचा होता, सनातन्यांचा होता; त्याच विठ्ठलाचं नाव घेणाऱ्यांचा होता. त्यांच्याकडे परंपरा होती, मालकी होती, शास्त्रार्थ होता. आणि त्यांच्यासमोर कोण होतं? हळवा म्हणून ज्याची थट्टा व्हायची, ज्याचे डोळे चटकन भरून यायचे असा एकेकाळचा शाळामास्तर. उपोषणाला जागा मिळतानाही मारामार. अखेर तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. 1 मे 1947 ला गुरुजी तिथे बसले.

आणि मग घाव बसला तो घरचाच. ज्यांना ते गुरुस्थानी मानत त्या गांधीजींनी तारेने कळवलं की हे उपोषण योग्य नाही. त्यांच्या कानावर वेगळीच माहिती गेली होती. विरोधकांशी झुंजणं एक वेळ सोपं. पण आपलं दैवतच 'ऊठ' म्हणतं तेव्हा कुणाकडे पाहायचं? गुरुजींनी नम्रपणे आपली बाजू कळवली आणि उपोषण चालू ठेवलं.

श्रद्धेची खरी कसोटी मला इथे दिसते. श्रद्धा म्हणजे कुणीतरी मोठं आपल्या पाठीशी आहे ही खात्री, असं आपण धरून चालतो. गुरुजींच्या पाठीशी त्या घडीला त्यांचं सगळ्यांत मोठं माणूस नव्हतं. होती ती रोजची सवय: प्रार्थनेची, कमी बोलण्याची, आणि राग आला तर त्याचं कारण आधी स्वतःत शोधण्याची. ती सवय मे महिन्यात एकाएकी लागलेली नव्हती. आडात पाणी आधीच होतं, म्हणून पोहऱ्यात आलं.

काँग्रेसचे नेते दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, मंदिर खुलं करण्याचं मान्य झालं आणि उपोषण सुटलं.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. डॉ. आंबेडकरांनी 2 मार्च 1930 रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला होता. तो पाचेक वर्षं चालला, आणि पुढे त्यांनी देवळांचा नाद सोडून दिला. माणसाची किंमत देवळाच्या दारावर ठरत नाही, ही त्यांची भूमिका रोकठोक होती. म्हणून गुरुजींच्या उपोषणाला कुणी दलितांवरचा उपकार समजू नये. ते सवर्णांच्या अंगावरचं कर्ज होतं. गुरुजी ते आपल्या अंगाने फेडायला बसले होते.

दार उघडलं तरी सगळ्यांची मनं उघडली नाहीत. पंढरपुरात सांगतात की काहींनी मंत्र म्हणून विठ्ठलाचं तेज एका घागरीत काढून घेतलं; आता देवळात नुसता दगड उरला म्हणाले. त्यांचीही ती श्रद्धाच. फरक एवढाच की एका श्रद्धेने देवाला झाकून ठेवलं, आणि दुसरीने स्वतः उपाशी राहून वाट मोकळी केली.

त्या घागरीची आज कुणी चौकशी करत नाही. दर्शनाची बारी मात्र रोज लागते. आषाढीला तर माणसाला माणूस इतकं खेटून उभं असतं की पुढच्याच्या घामाचा आणि डोक्याच्या तेलाचा वास येतो, मागच्याची पिशवी पाठीत रुतते. तासन् तास असंच. पुढे कोण, मागे कोण, कुणी विचारत नाही.

आजी म्हणायची ते जवळ राहणं, मला वाटतं, हेच.