जालन्याजवळचे बेथेल

माझे आजोळ परतूरचे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, त्याआधी हा तालुका आपल्या परभणी जिल्ह्यातच होता. आजी आजारी असली की जालन्याकडून एक ख्रिस्ती नर्सबाई यायच्या. आजी त्यांच्या हातून इंजेक्शन घ्यायची; चहा मात्र ओसरीवर, वेगळ्या कपात. तो कप खुंटीला टांगलेला असे. "बाई, तुम्ही कुठल्या?" असे मी एकदा विचारले. त्या म्हणाल्या, "बेथेलची रे बाळा." पुढे कितीतरी वर्षांनी मी या बेथेलची हकिकत वाचली.

ती सुरू होते मुंबईत. नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकला आणि १८४३ साली त्याने बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. वडिलांनी कोर्टात धाव घेतली. मुलगा अजाण आहे म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केले. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण तो मिशनऱ्यांकडे जेवला होता. त्याला जातीत परत घ्यायचे की नाही, यावरून मोठा वाद पेटला. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एक भाऊ घर सोडून गेला म्हणून दुःख, आणि दुसरा घरी आला तर त्याला पंगतीत कसा घ्यायचा हा प्रश्न! त्या आईबापांच्या जिवाचे काय झाले असेल?

नारायणराव पुढे पाद्री झाले आणि १८६० नंतरच्या दशकात जालन्याला आले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते, तिथे लष्करी छावणी होती. रेल्वे यायला अजून बराच अवकाश होता. त्यांच्याकडे आलेल्यांत मांग आणि महार समाजातली माणसे पुष्कळ होती. गावात राहून या माणसांचा निभाव लागणे कठीण होते. नारायणरावांनी निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ वेगळे गाव वसवले. त्याचे नाव बेथेल, म्हणजे हिब्रू भाषेत देवाचे घर. ज्यांना वेशीबाहेर राहावे लागे त्यांच्याबरोबर ब्राह्मण कुळात जन्मलेला पाद्री एका भाकरीतला घास खाऊ लागला. १८९१ साली नारायणराव वारले.

आपण सगळ्याच चर्चना एका मापाने मोजतो. बेथेल स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांचे. त्यांच्यात तान्ह्या बाळालाही बाप्तिस्मा देतात. बाप्टिस्ट पंथाचे म्हणणे निराळे : ज्याला समजते आणि जो स्वतः कबूल करतो, त्यालाच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा. मराठीचे व्याकरण १८०५ साली छापणारे विल्यम कॅरी या बाप्टिस्टांपैकीच. बंगालमधल्या श्रीरामपूरला वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्यांनी मराठीचे हे काम केले. पुढे १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा उत्तर भारतातले प्रेस्बिटेरियन आणि बाप्टिस्ट यांच्यापैकी अनेकजण एका छत्राखाली आले.

माणसाला स्वतःचे स्वतः ठरवण्याइतके केव्हा समजते, हाच प्रश्न श्रीपतच्या वेळी कोर्टापुढेही होता. कोर्टाने तो वयावर सोडवला. पण मुलगा परत आल्यावर त्याला जवळ घ्यायचे की नाही, हे कोर्ट सांगू शकत नव्हते. ते घरच्यांनी आणि गावाने ठरवायचे होते.

आजी गेली तेव्हा त्या नर्सबाई आल्या होत्या. ओसरीपर्यंत आल्या आणि सवयीने तिथेच थांबल्या. "आत या," असे आमच्यापैकी कोणीही म्हणाले नाही. मीही नाही, आणि मला तेव्हा चांगले समजत होते.