हवाई छत्री आणि उंचीचें भांडवल

हवाई छत्री म्हटली कीं विमानांतून उडी घेऊन खालीं उतरणारा शिपाई डोळ्यांपुढें येतो. परंतु हीच छत्री माणसाला वर नेऊं लागली, त्यालाहि आतां बराच काळ लोटला. १९६४ सालीं डोमिना जाल्बर्ट या संशोधकानें अमेरिकेंत हवेनें फुगणारा कप्पेदार कापडी पंख सिद्ध केला. तशा पंखाखालीं तीन चाकांची गाडी टांगावी, तिच्या पाठीमागें इंजिन व पंखा बसवावा, कीं झालें उडतें वाहन! ताशीं पन्नास किलोमीटरांच्या आसपास वेगानें तें तिकडील शेतांवरून संथपणें फिरत असतें.

हा संथपणाच फसवा आहे. वेग कमी, उंची कमी, मग भय कशाचें, असें मनाला वाटतें. वस्तुतः उंची म्हणजे वैमानिकाच्या गांठीं असलेला वेळ. इंजिन बंद पडलें तरी पंख मिटत नाहीं. वाहन सेकंदाला सुमारें तीन-चार मीटर खालीं येत राहतें. दीडशें मीटरांवर असलेल्यास मोकळें शेत निवडून, वाऱ्याकडे तोंड करून उतरावयास अर्ध्या मिनिटाहून अधिक अवधि मिळतो. वीस मीटरांवर हाच अवधि पांच-सहा सेकंदांचा. त्यांत वळावयास जावें, तर वळणांतच उरलेली उंची खर्च होते.

दुसरें भय विजेच्या तारांचें. रानाच्या पार्श्वभूमीवर तार दिसत नाहीं. म्हणून जाणता वैमानिक खांब शोधतो आणि ओलांडणें भागच पडलें तर खांबाच्या वरून ओलांडतो. ऐन वेळीं इंजिनाचा जोर वाढविला तरी गाडी आधीं लोलकाप्रमाणें पुढें झुलते, नंतर पंख चढूं लागतो. तार तोंवर थांबत नाहीं. शिवाय झाडांच्या व इमारतींच्या आडोशाला वारा भोवऱ्यासारखा फिरतो आणि पंखाला खालीं लोटतो.

अमेरिकेच्या नियमांत दाट वस्तीबाहेर विमानानें माणसांपासून व घरांपासून पांचशें फूट दूर राहावें असें आहे. खालच्या कोणास धोका नसेल तर या छत्रीला त्यांतून सूट आहे. पण कायद्यानें दिलेली सूट वारा मानीत नाहीं.

उद्यां प्रवासांत आपल्यापैकीं कोणी अशा छत्रीच्या मागच्या आसनावर बसलें, तर ‘जरा खालून न्या, गंमत पाहूं’ असा आग्रह वैमानिकाला करूं नये. गंमत वरूनहि दिसते. आणि ती पाहून सुखरूप घरीं परततां येतें.